पिवळ्या पट्ट्याची वाट

अमिषाने पहिली स्मूदी भिंतीला पाजली.

भिंतीनेही ती अर्धीच घेतली. पालक, केळं आणि सफरचंदाचा हिरवा ओघळ मधेच थांबला, तिथेच वाळला, आणि प्रफुल्लने तो पुसायचं रोज उद्यावर टाकलं. अडीच वर्षांच्या लेकीने काढलेलं पहिलं चित्र म्हणून तो आल्यागेल्याला दाखवता येत होता. आल्यागेल्यांमध्ये बहुतेक वेळा फक्त प्रफुल्लचा बाप असे.

"कसलं चित्र हाय हे?" भागोजीने विचारलं.

"धरमतरची खाडी."

भागोजीचा अख्खा जन्म रेवसच्या लाँचवर खलाशी म्हणून गेलेला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, भिंतीजवळ जाऊन नीट पाहिलं. "उलटी काढलीय," म्हणाला, आणि परत खुर्चीत जाऊन बसला.

घरात ही तिघंच. इंदूबाई, म्हणजे प्रफुल्लची आई, नातीचं तोंड न बघताच गेली होती. आणि मनाली, म्हणजे अमिषाची आई, जानेवारीत पोलीस झाली होती. झाली नव्हती, व्हायला गेली होती. दोन वर्षं ती अलिबागच्या वाळूवर अंधारात धावली. गोळाफेकीला गोळा नव्हता म्हणून घरामागे नारळ फेकायची. वाडीतली कुत्री अजूनही नारळ दिसला की वाट सोडतात. एवढं करून यादीत नाव लागलं, आणि नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तिला पाठवलं थेट विदर्भात, जिथे समुद्र नाही, खाडी नाही, आणि फोन फक्त रविवारी संध्याकाळी हातात देतात, तोही मागच्या मुलीने खोकायला सुरुवात करेपर्यंत.

मांडव्याच्या जेट्टीवर बोटीत पाय ठेवताना तिने एकच अट घातली होती.

"अमू पिवळ्यात गेली, की मी दुसऱ्या दिवशी घरी. मग भरती गेली उडत."

पिवळ्यात म्हणजे असं, की वाडीच्या अंगणवाडीत दर महिन्याला पोरांची वजनं होतात. सेविका विनिताताई वजन मोबाइलात भरतात आणि मोबाइल रंगाचा एक पट्टा दाखवतो. हिरवा आला तर पोर बरं चाललंय. पिवळा आला तर अंगाला लागत नाहीये. लाल आला तर तालुक्याहून गाडी येते आणि गाडीतली माणसं घरच्यांशी फार गोड बोलतात, जे कोणालाच नको असतं.

आणि मनाली जे बोलते ते करते. एकदा भांडणाच्या भरात ती म्हणाली होती, या घराला रंग कोण देणार, मीच देते. सासरा आंघोळ करून बाहेर येईपर्यंत एक भिंत निळी झाली होती. खाडी त्याच भिंतीवर होती.

तर अमिषाला हिरव्यात ठेवायचं, एवढंच प्रफुल्लचं काम. पण अमिषाने जेवण सोडलं. एकदम नाही, लाँच धक्क्यावरून सुटावी तसं, हळूहळू. आधी वरण गेलं, मग भाजी, मग दूध. उरला मऊ भात आणि बिस्किट, तेही तीन घासांनंतर ती तोंड असं मिटायची की आत दात आहेत यावर विश्वास बसू नये. आजारी नव्हती. खेळत होती, कोंबड्यांच्या मागे धावत होती. फक्त खायची वेळ आली की दाराकडे बघत बसायची.

प्रफुल्लने मोबाइलात उपाय शोधला. मोबाइलात एक बाई होती. तिचं स्वयंपाकघर इतकं पांढरं, की तिथे कधी कांदा कापला असेल असं वाटत नव्हतं. ती म्हणत होती, जी मुलं फळं-भाज्या खात नाहीत त्यांना त्या प्यायला द्या. तिने मिक्सरमध्ये काय काय घातलं, घर्र केलं, आणि तिचा गोरागोमटा मुलगा पहिल्याच घोटाला हसला. प्रफुल्लला तो मुलगा संशयास्पद वाटला. तरी दुसऱ्या दिवशी तो पालक घेऊन आला, आणि पुढचं भिंतीला माहीत आहे.

घरातल्या दोन्ही पुरुषांची एक समजूत होती, आणि त्यावर त्यांच्यात कधी वाद झाला नाही: आई जवळ नसलेल्या लेकराला गोड द्यावं. त्यामुळे सगळ्या स्मूद्या गोड. चिकू आणि गाजर. पपई आणि लाल भोपळा, वर गूळ. बीट आणि कलिंगड, वर खजूर. राजेळी केळं आणि दुधी, वर मध. अमिषा ग्लास दोन्ही हातांनी धरायची, आत नाक घालायची, आणि ग्लास खाली ठेवायची. पहिल्या दिवसानंतर तिने फेकायचं सोडलं होतं. ते जास्त वाईट होतं. पाहुण्याकडे नको असलेला चहा बाजूला सारावा तसं ती करायची, वाईट न वाटू देता.

उरलेली स्मूदी भागोजी प्यायचा. महिनाभरात त्याचे गाल भरले.

प्रफुल्लची नोकरी मांडव्याच्या जेट्टीवर. मुंबईहून बोट लागली की उतरणाऱ्यांना रांगेत लावून अलिबागच्या बसमध्ये बसवायचं. "अलिबाग पुढं, अलिबाग पुढं" हे वाक्य तो दिवसभर म्हणायचा आणि झोपेतही, असं मनाली सांगायची. तिला जाऊन चार महिने होत आले होते, आणि विदर्भातून मांडव्याला अचानक बोट येत नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी दर बोटीला शेवटचा माणूस उतरेपर्यंत तो बोटीच्या फळीकडे बघत उभा राहायचा. ते त्याचं कामच होतं. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

रांगेत उभ्या असलेल्या, लहान मुलं घेऊन आलेल्या बायकांना तो आता सल्ला विचारू लागला.

"लपवायचं," काळा चष्मा लावलेली एक बाई म्हणाली. "भाजी आत लपवायची. मुलाला कळता कामा नये."

"कळत न्हायच तिला. ती पीतच न्हाय."

"मग आवडत्या गोष्टीचं नाव द्या ना. माझा मुलगा डायनोसॉर स्मूदी पितो."

अमिषाच्या आवडत्या गोष्टी दोन होत्या. एक शेजारच्या वेणूबाईंची बकरी, दुसरी म्हणजे रस्त्याच्या कामावर आलेला जेसीबी. बकरीची स्मूदी हे काही बरं दिसलं नसतं. म्हणून त्याने हापूस आणि लाल भोपळा घालून पिवळाधमक प्रकार केला आणि घरात शिरताना गाडीचा आवाज काढत म्हणाला, "अमू, जेसीबी आला."

अमिषाने ग्लासात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"पंजा कुठाय?"

"पंजा... आत हाय. पी, मग सापडंल."

तिने ग्लासात हात घातला, कोपरापर्यंत. पंजा सापडला नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोणीतरी जेसीबी वितळवला आहे, आणि ती जी रडायला लागली ती वेणूबाई बकरी घेऊन येईपर्यंत थांबली नाही. स्मूदी बकरी प्याली.

चौदा एप्रिल आला. विहारासमोर मांडव पडला, निळ्या पताका लागल्या. दरवर्षी मनाली माइकवर गाणी म्हणायची. वाडीत तिच्याएवढा आवाज कोणाचा नाही. यंदा दुसऱ्या दोघीजणींनी म्हटली, चांगली म्हटली. प्रफुल्लच्या खांद्यावरून अमिषा उतरली, गर्दीतून वाट काढत स्पीकरपाशी गेली आणि त्याच्या मागे वाकून बघून आली. मागे कोणी नव्हतं. मग ती त्या गर्दीत कुठल्याच बाईकडे न बघता बापाकडे परत आली आणि त्याचं बोट धरून घरी जायची खूण केली. खिरीचं ताट तसंच राहिलं.

त्या महिन्यात वजन झालं तेव्हा विनिताताईंनी मोबाइल दोनदा चोळला.

"हिरवाच हाय. पण काठावर. पुढच्या खेपेला असंच चाललं तर पिवळा धर."

रविवारी मनालीचा फोन आला. भागोजी समोर असला की ती प्रफुल्लला अहो म्हणायची आणि नसला की ए. दोघं अलिबागच्या कॉलेजात एकाच बाकावर बसून नापास झालेली, तेव्हा अहो काही खरं नव्हतं.

"अहो, काय आला रंग?"

"हिरवा. काठावर."

"काठावर म्हणजे?"

"म्हणजे पाय पाण्यात, अंग वर."

मनालीने आवाज चढवला. "तात्या, तुमी बरे हाव ना? नीट जेवताव ना?"

"मी चांगला हिरव्यात हाय," भागोजी लांबूनच म्हणाला.

"अमूला द्या."

अमिषाने फोन कानाला लावला. ती फोनवर कधीच बोलत नसे, फक्त ऐकायची, आणि आवाज बंद झाला की फोन उलटा करून पाठीमागे बघायची. मनाली बोलत राहिली. मागे कोणीतरी खोकलं. फोन बंद झाला. अमिषाने तो उलटा केला.

त्या रात्री प्रफुल्लच्या डोक्यात ते पहिल्यांदा आलं, की आधीही आलं होतं आणि त्याने वळून पाहिलं नव्हतं, हे त्याला सांगता आलं नसतं. पण आलं ते असं सरळ आलं: हिरवा म्हणजे मनाली लांब. पिवळा म्हणजे मनाली घरी.

त्याला लाज वाटली. लाज पुष्कळ वाटली, पण चित्र काही पुसलं जाईना. उलट रोज त्यात भर पडू लागली. बोटीतून ती उतरतेय. हातात ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव. तो म्हणतोय, अलिबाग पुढं. ती म्हणतेय, ए, गप. जेट्टीवर उभं राहून चित्र बघता बघता त्याने एकदा अख्खी अलिबागची रांग कुल्फीवाल्यापुढे नेऊन उभी केली. कोणी तक्रार केली नाही.

त्यात वाईट काय, असं तो स्वतःशी बोलू लागला. पोरीला उपाशी ठेवायचं नव्हतंच. पिवळा म्हणजे काही मोठा आजार नाही. वाडीतली दोन पोरं पिवळ्यात होती आणि झाडावर चढत होती. आणि मनाली आली की आठवड्यात पोर हिरव्यात. म्हणजे पोरीच्याच भल्याचं. फक्त आपण जरा कमी चांगलं करायचं. एरवी तरी कुठे चांगलं होत होतं?

मेमध्ये, वजनाला दोन आठवडे राहिले असताना, सकाळी तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा पडायच्या तयारीने परीक्षेला बसला. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या गोष्टी त्याने निवडून काढल्या. दुधी. टोमॅटो. शेवग्याचा पाला. एक पिकलेलं केळं. गूळ नाही, मध नाही.

मिक्सरचं भांडं मोरीत पडलं होतं. आदल्या रात्री भागोजीने त्यात स्वतःसाठी जवळ्याची चटणी वाटली होती. जवळा, म्हणजे उन्हात वाळवलेली ती केसाएवढी बारीक कोळंबी. भाजली की वास तीन घरं लांब जातो आणि लवकर परत येत नाही. भागोजीने भांडं धुतलं होतं, म्हणजे त्याला पाणी दाखवलं होतं. पात्याखाली चटणी तशीच होती.

प्रफुल्लने नळ सोडला. नळाकडे पाहिलं. नळ बंद केला.

तसंच भांडं त्याने मिक्सरला लावलं. दुधी, केळं आणि जवळा यांची भेट जगात याआधी कुठे झाली नसावी, आणि झाली असती तर तिघांनी ती लपवून ठेवली असती. ग्लासात उतरलं त्याचा रंग भरतीच्या गढूळ पाण्यासारखा होता. त्याने ग्लास अमिषासमोर ठेवला आणि दाराशी जाऊन उभा राहिला, चोरी करून उभं राहावं तसा.

अमिषाने ग्लास दोन्ही हातांनी धरला. आत नाक घातलं.

नाक बाहेर आलं नाही.

बराच वेळ ती तशीच बसली, अर्धं तोंड ग्लासात. कोंबडी आली, गेली. मग आतून, ग्लासाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, ती म्हणाली, "आई."

आणि प्यायला लागली. घोट घोट करत, मधे श्वास घेत, ग्लास तिरका करत करत पूर्ण प्याली. तळाशी राहिलं ते बोटाने काढलं आणि बोट चोखत बसली.

प्रफुल्लला आधी काही कळलं नाही. मग मनालीची बोटं त्याच्या डोळ्यांसमोर आली. ती रेवसची, माहेरी उन्हाळाभर जवळा वाळायचा. रोज सकाळी धावून आली की ती तव्यावर मूठभर जवळा भाजायची, पांढरा कांदा चिरून घालायची, आणि भाकरीबरोबर बोटांनी कुस्करून लेकीला भरवायची. लेकीचा पहिला घास तोच होता. तिच्या बोटांना तो वास कायमचा बसलेला. सिनेमाला गेली तरी येई, आणि तो तिला चिडवायचा की अंधारात मी तुला नाकाने शोधीन. ती गेली आणि त्या दिवसापासून दोन शहाण्या पुरुषांनी पोरीच्या ताटात गूळ, खजूर आणि मध घालून घालून तिची आई घरातून पार धुऊन काढली होती.

अमिषा अंगणात गेल्यावर त्याने मिक्सरचं झाकण उचललं आणि नाकाला लावलं.

"काय रं," भागोजी मागे येऊन उभा होता. "झाकण का हुंगतोस?"

"धुतलंय का बघत हुतो."

"मग?"

"न्हाय धुतलं."

"मग धू की."

"धुतो."

भागोजीने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. झाकण काही नाकावरून हलेना. तो बाहेर निघून गेला आणि जाताना दार ओढून घेतलं, जे तो कधी करत नसे.

आता गंमत अशी झाली, की अमिषा हिरव्यात कशी राहील हे साऱ्या जगात एकट्या प्रफुल्लला माहीत होतं. मोबाइलातल्या बाईलाही माहीत नव्हतं. आणि ते विसरून जायला त्याला फक्त एक भांडं घासायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने घासलं. राख लावून, लिंबू लावून, पात्याखाली जुना टूथब्रश घालून असं घासलं, की त्या पांढऱ्या स्वयंपाकघरातही ते शोभलं असतं. तोच दुधी, तेच केळं, तोच पाला. ग्लास समोर ठेवला.

अमिषा धावत आली. जानेवारीपासून पहिल्यांदा ती खायच्या वेळी धावत आली. आत नाक घातलं. नाक बाहेर काढलं, ग्लासाच्या मागे बघितलं, परत आत घातलं. ग्लास वर धरून तळ बघितला. मग तिने बापाकडे पाहिलं. रागाने नाही. त्याच्याकडे काहीतरी ठेवायला दिलं होतं आणि त्याने ते हरवलं, असं.

ग्लास तिने नीट, न सांडता, बाजूला ठेवला.

प्रफुल्ल थोडा वेळ जमिनीवर बसून राहिला. मग उठला, फळीवरचा डबा काढला, तव्यावर जवळा टाकला. भाजता भाजता घर भरलं, अंगण भरलं, वेणूबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "मनाली आली व्हय रं?"

"न्हाय," तो म्हणाला. "वास आलाय निस्ता."

त्यानंतर वजनाच्या दिवसापर्यंत त्या घरात रोज सकाळी हाच प्रकार झाला. फळं-भाज्या बदलत गेल्या. जवळा आणि पपई. जवळा आणि गाजर. जवळा, काकडी, ताडगोळे. कलिंगडाबरोबर तो कसा लागतो हे इथे न सांगितलेलंच बरं. अमिषा सगळं प्यायची, आधी नाक, मग ते एक हळू बोलणं, मग घोट. भागोजीने उरलेलं प्यायचं बंद केलं. म्हणाला, माझं वय झालं. उरलेलं प्रफुल्ल पिऊ लागला. उभ्याउभ्या, ओट्याशी, डोळे मिटून. चव घशाखाली उतरू म्हणता उतरत नसे. तरी तो प्यायचा.

वजनाच्या दिवशी तो रजा टाकून अंगणवाडीत गेला. विनिताताईंनी अमिषाला काट्याच्या झोळीत बसवलं. काटा हलला, थरथरला, थांबला. त्यांनी आकडा मोबाइलात भरला. प्रफुल्ल त्यांच्या खांद्यावरून बघत होता. गेल्या महिनाभरात त्याने त्या जागी इतक्या वेळा पिवळा पाहिला होता, की हिरवा आला तेव्हा त्याला वाटलं मोबाइल बिघडला.

"अगं बाई," विनिताताई म्हणाल्या. "चांगली आत गेली की हिरव्यात. काय पाजतोस रं हिला?"

"फळं-भाज्या."

त्यांनी अमिषाला जवळ घेतलं, हुंगलं. "फळं कुठल्या बंदरावर पिकतात ही?"

"घरचीच हायत, ताई."

"काय पण असू दे, सोडू नको. मनालीला आजच सांग. बिचारीचा जीव टांगणीला लागला असंल. सांग म्हणावं, आता निर्धास्त राहा तिकडं."

"सांगतो," प्रफुल्ल म्हणाला. निर्धास्त राहा तिकडं. घरी जाताना त्याने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. तिकडं.

रविवारी संध्याकाळी भागोजी अमिषाला घेऊन खाडीवर गेला होता. जाताना तो म्हणाला होता, जरा उशीर हुईल आमाला. फोन वाजला तेव्हा प्रफुल्ल निळ्या भिंतीला टेकून बसला होता.

"ए. तात्या हायत का?"

"न्हाय."

"मग सांग. काय रंग?"

एक शब्द बोलायचा होता. तीन अक्षरांचा एक, तीन अक्षरांचा दुसरा. दुसरा बोलला असता तर परवा ती बोटीत असती. कोण तपासायला येणार होतं? आणि आल्यावर तिला कळलं असतं तरी काय झालं असतं, चार नारळ फेकून मारले असते. तो त्या नारळांनाही तयार होता.

"ए, बोल ना. बॅग भरून ठेवलीय मी."

"कसली बॅग?"

"वजनाच्या आठवड्यात भरून ठेवते दर महिन्याला. मग उपसते. इथल्या पोरी हसतात मला. बोल."

प्रफुल्लने तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ट्रंकेवालीच्या आधी ती धावणारी आली, अंधारात, वाळूवर, कानाला रुमाल बांधून.

"हिरवा," तो म्हणाला.

"नक्की?"

"चांगली आत गेलीय."

"काटा बिघडला असंल."

"बाकीच्या पोरांची वजनं बरोबर आली."

"विनिताताईला चष्मा लागलाय."

"मी पन बघितला. हिरवाच हाय, मने."

"बरं झालं," मनाली म्हणाली. जेट्टीवर धावत आलेल्या माणसाला बोट सुटली म्हणून सांगितलं, की तो असंच म्हणतो, बरं. रोज ऐकायचा प्रफुल्ल ते. या आवाजात तोच बरं होता, आणि त्याच्या एकदम लक्षात आलं की पिवळ्याची वाट बघणारा तो एकटा नव्हता. एवढ्या लांब कुठल्या तरी खोलीत, भरलेल्या बॅगेशेजारी बसून, तीही हळूच, लाज वाटत, तेच मागत होती.

मागे कोणी खोकलं नाही अजून.

"काय देतोस तिला?" तिने विचारलं. आवाज साफ केलेला.

"जवळा."

"जवळा? बरोबर काय?"

"दुधी. केळं. कधी पपई. मिक्सरला फिरवून."

"तू माणूस हायस का कोण?"

"ती आधी वास घेते. ग्लासात तोंड घालून बसते. मग आई म्हणते. मग पिते."

तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा. लांबून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तू पन पितोस?" तिने विचारलं.

"उरलं तर."

"कसं लागतं?"

"वाईट."

ती हसली. हसताना मधेच तुटली आणि परत हसली. मागून कोणीतरी खोकलं, मग आणखी एकीने खोकून तिला साथ दिली.

"मग राहते मी," मनाली म्हणाली.

"राहा."

फोन बंद झाला. प्रफुल्लने तो हातात धरला, आणि मग, कोणी बघत नव्हतं म्हणून, उलटा करून पाठीमागे पाहिलं.

अंधार पडता पडता भागोजी आला. अमिषा त्याच्या खांद्यावर झोपली होती, पाय चिखलाने भरलेले. त्याने तिला चटईवर टाकलं, पाय पुसले, आणि मुलाच्या तोंडाकडे न बघता विचारलं, "येते का?"

"न्हाय. पुरं करून येनार. धम्मचक्र दिनाच्या आसपास."

भागोजीने मान हलवली. मग तो दाराशी जाऊन आभाळ बघू लागला, जसा तो लाँचवर असताना बघायचा.

"मे संपत आला," तो म्हणाला. "वारं फिरलंय. एकदा पाऊस लागला की सुकी मासळी गावायची न्हाय. उद्या रेवसला जाऊन आगोटीचा जवळा आनतो. पोरीला पावसाळाभर लागंल ना? किती आनू?"

प्रफुल्लने झोपलेल्या अमिषाकडे पाहिलं. तिने बोट तोंडात धरलं होतं.

"दोघांचा धरून आना, तात्या," तो म्हणाला.